ढोल त्या गल्लीत गेला नाही

बायकोला कधी सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगायला बसलो आहे. यातच माझी लायकी कळली असेल. मुलाला माहीत नाही, नातीला माहीत नाही. ज्यांना कळायला हवं होतं ती माणसं वर गेली. मंजुळा या पौषात गेली. सारा जन्म आम्ही एका चुलीपुढं बसून कळण्याची भाकरी खाल्ली, एकमेकांची दुखणी काढली, पण हे एक मी तिच्यापुढं कधी ठेवलं नाही. आता ती नाही, आणि माझं तोंड उघडतंय — आहे की नाही भित्र्या माणसाची तऱ्हा?

मी चौथी शिकलेला. अक्षर वाकडं, वाक्य तोडून लिहिणारा. चालवून घ्या नाहीतर नका घेऊ. थांबलो की पुन्हा लिहिणार नाही, म्हणून लिहीत सुटतो.

आमचं गाव धुळ्याहून एष्टीनं तासाभराचं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिपाई होतो. साठ-पासष्ट सालाच्या आगेमागे लागलो, तेव्हा मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. घंटा वाजवायची, माठ भरायचा, पाट्या पुसायच्या — ही कामं कोणीही करील. पण माझ्याकडं एक काम असं होतं की त्याच्यापुढं मला पाटीलकी फिकी वाटायची. शाळेचा ढोल माझ्या गळ्यात होता!

तुम्हाला वाटेल, ढोलात काय एवढं? अहो, तेव्हा गावात रेडिओ तो कुठं एखाद्या ओट्यावर. शाळेची खबर घरात पोचायची ती माझ्या ढोलानं. प्रभातफेरीसाठी आणलेला ढोल, पण हेडमास्तरांनी त्याला दवंडीच्या कामाला लावलं. दोऱ्या आवळायच्या, पार ओलांडायचा, आणि पहिली काठी पडली की बायका पिठाच्या हातांनी दारात. पोरं तर अर्धी माझ्याकडं धावायची, अर्धी पळायच्या बेतात उभी राहायची. कारण त्याच ढोलावर दुधाची भुकटी आल्याची खबर यायची आणि त्याच ढोलावर देवी टोचायला डॉक्टर आल्याची!

“ओ ढोल्या, आज दूध का टोचणी?” ओट्यावरची म्हातारी माणसं मुद्दाम ओरडायची.

मी पण मुद्दाम दोन काठ्या जास्त मारायचो. गप्प उभा राहायचो. सगळी गल्ली श्वास धरून. मग सांगायचो. काय मजा होती त्या गप्प राहण्यात! सारा गाव माझ्या तोंडाकडं बघतोय — चौथी पास माणसाला आणखी काय पाहिजे? मास्तर मला शुद्ध भाषेत घोकून घ्यायचे, मी ते गल्लीत आमच्या बोलीत ओरडायचो. “आयका हो आयका!”

हेडमास्तर माणूस मोठा हौशी. ते म्हणायचे, शाळा म्हणजे चार भिंती नाहीत, घरं पण शाळेचीच. दर शनिवारी सकाळच्या शाळेत प्रार्थना झाली की ते घरवार्ता सांगायचे. कोणाला भाऊ झाला, कोणाच्या बहिणीचा साखरपुडा झाला, कोणाचा काका मिलिटरीत भरती झाला. पोरं टाळ्या वाजवायची. मग तीच वार्ता घेऊन मी गावात. एकदा तर एका आजोबाला स्वतःच्या सुनेला जुळं झाल्याचं माझ्या ढोलावर कळलं! घरातल्या बाया सांगायचं विसरून गेल्या होत्या गडबडीत. म्हातारा ओट्यावरून उठला, टोपी उडवली, मला मिठी मारायला आला तर मध्ये ढोल. ढोलालाच मिठी मारली.

बघा — हे लिहिताना मी हसतोय. लिहायचं होतं वेगळंच. मूळ गोष्टीजवळ आलो की जीभ अशी दुसऱ्या गल्लीत वळते. तेव्हाही वळली होती. पायच वळले होते, खरं तर.

मंजुळाचं सांगतो.

तिचं घर खालच्या आळीला, निंबाच्या झाडापासून आत वळणाऱ्या गल्लीत. आई आजारी पडली म्हणून पोरीची शाळा मध्ये सुटली होती. तिला परत शाळेत घातलं तिच्या आजोबांनी. आबा म्हणायचे सगळे त्यांना. स्वतः अंगठेबहाद्दर, पण हातात काठी घेऊन नातीला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायचे, आणि मला दम द्यायचे, “बारीक पोरांमा बठी राहीनी म्हणीसन कोणी हसनं, तं मले सांग रे.” लहान मुलांत ती उंच दिसायची. सातवीला बसली तेव्हा सोळा वर्षांची होती.

आणि मी विशीचा. आमच्या आईनं तिच्या बापाच्या कानावर घालून ठेवलं होतं. बाप म्हणाला होता, पोरगी सातवीची फायनल पास होऊ द्या, मग बघू. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मला होतं. मी रोज घंटा वाजवताना ती कुठल्या रांगेत उभी आहे हे बघून मगच टोल द्यायचो.

सातवीचा निकाल आला तो दिवस! अजून अंगावर काटा येतो. अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली होती, झाडांना झोके बांधून झाले होते. मास्तर दुपारच्या एष्टीतून उतरले ते पळतच. एवढा जाडा माणूस, घामानं डबडबलेला, लांबूनच ओरडतोय — “ढोल काढ! ढोल काढ!” आमची शाळा सगळी पास, आणि मंजुळा केंद्रात पहिली. मुलांमुलींत, दोन्हींत पहिली! मी ढोल गळ्यात घालून निघालो तो बाकीच्या गल्ल्या सोडून आधी त्याच गल्लीत. काय वाजवला, काय वाजवला! आबा ओट्यावर बसले होते. मी नाव घेतलं. आबांनी कानाला हात लावला.

“मले आयकू नही उनं. परत सांग!”

मी परत सांगितलं. शेजारपाजार गोळा झाला.

“वाऱ्यावर गयं रे. परत सांग!”

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, म्हाताऱ्याला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. गल्ली हसली. आबा हसता हसता डोळे पुसत होते. मंजुळा दाराआड उभी, पदर दातात. मी ढोल वाजवत गल्लीबाहेर पडलो तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. असा दिवस मला परत आला नाही. लग्नाचा दिवससुद्धा नाही.

मग अखाजी झाली, आणि थोड्याच दिवसांत आबा गेले. झोपेत गेले. लोक म्हणाले, नातीचा पेढा खाऊन गेले.

आता इथलं एक सांगायला हवं. ज्या गल्लीत सुतक असेल तिथं आम्ही ढोल वाजवत नाही. लग्नाची वरातसुद्धा तिथं वाजंत्री बंद करून गुपचूप पुढं जाते. मास्तरांनी मला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं — सुतकाच्या गल्लीत ढोल उतरवायचा, पण खबर अडवायची नाही. चपला काढून दारात जायचं आणि हळू आवाजात सांगायचं. दुःखाच्या घरालाही शाळेची खबर कळलीच पाहिजे, हे त्यांचं म्हणणं.

आबांना जाऊन चार-पाच दिवस झाले असतील. मास्तर धुळ्याहून आले, आणि परत तसेच पळत. सुट्टीच्या दिवसांत शाळा बंद, तरी मला घरून बोलावून आणलं. तिथं पांझरा नदीपलीकडं देवपुरात मुलींसाठी वसतिगृह निघालं होतं. सातवी पास मुलींना हायस्कूल, राहणं फुकट, जेवण फुकट, पुस्तकं फुकट. पुढं शिकून मास्तरीण होता येईल. नावं सोमवारच्या आत द्यायची. मास्तर माझ्या खांद्याला धरून हलवत होते. “अरे, आपल्या मंजुळासाठीच देवानं धाडलंय हे! तिच्याकडं सुतक आहे, ढोल नको. तू दारात जाऊन बापाला सांग. नीट सांग.”

मी म्हटलं, “सांगतो.”

सगळ्या गावात वाजवलं. काय आवाज लागला होता माझा त्या दिवशी! पारावर, वरच्या आळीला, वाण्याच्या दुकानापुढं. लोक बाहेर येऊन विचारत होते, खरंच जेवण फुकट? पोरींच्या आया एकमेकींकडं बघत होत्या. सुमन नावाची एक पोरगी तिथल्या तिथं उड्या मारायला लागली. बातमीच तशी होती. मी स्वतः आनंदात होतो, खोटं कशाला बोलू?

वाजवत वाजवत निंबापाशी आलो. ढोल थांबवला. गळ्यातून उतरवला. चपला काढल्या. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणं.

आणि तिथं उभा राहिलो.

डोक्यात काय आलं, ते सांगतो. ती देवपूरला जाणार. शिकणार. मास्तरीण होणार. कोण जाणे, आमच्याच शाळेत येईल. मी घंटा वाजवणार आणि ती वर्गात शिरणार. मला म्हणेल, शिपाई, पाणी आणा. आणि लग्न? मास्तरीण शिपायाशी लग्न करते का? एवढंच आलं. याच्यापेक्षा मोठं काही आलं नाही. तिच्या भल्याचं, तिच्या आजारी आईचं, घरच्या दुःखाचं — हे सगळं मी नंतर स्वतःला सांगायला शोधलं. तेव्हा नव्हतं.

मी चपला घातल्या, ढोल गळ्यात अडकवला आणि दुसऱ्या बाजूनं शाळेत परत गेलो. झालं. एवढीच माझी गोष्ट. तिच्या दारापर्यंत किती पावलं होती? लहान पोरगं खडा फेकील एवढ्यावर होतं ते दार. दारात तिचा बाप बसलेला मला दिसत होता.

मास्तरांनी विचारलं, “सांगितलंस? काय म्हणाले?”

मी म्हटलं, “काही बोलले नाहीत.”

कसं वाटलं? खोटं पण नाही, खरं पण नाही. असं बोलायला चौथी पुरते. मास्तरांचा चेहरा पडला. सुतकाच्या घरी स्वतः जाऊन पोरीच्या शिक्षणाचा वाद घालणं त्यांना बरं दिसेना. सोमवारपर्यंत वाट बघत राहिले, फाटकाकडं बघत. त्याच सुट्टीत त्यांची बदली झाली. जाताना मला म्हणाले, “बापानं पोरीचं नुकसान केलं रे.” मी त्यांची ट्रंक एष्टीच्या टपावर चढवत होतो. वर होतो, म्हणून तोंड दिसलं नाही त्यांना माझं.

तुम्ही म्हणाल, गावभर ढोल वाजला, तिला दुसऱ्या कोणी सांगितलं नाही? दारावर बसायला आलेली माणसं मयताचंच बोलतात. ढोलावरची बातमी काय सांगणार तिथं? आणि ज्यानं त्यानं धरून चाललं की केंद्रात पहिल्या आलेल्या पोरीच्या घरी ती माहीत असणारच.

जूनमध्ये शाळा उघडली. सुमन देवपूरला गेली होती, तेव्हा बोभाटा झाला होता, आणि वसतिगृहाचं मंजुळाच्या कानावर तेव्हाच गेलं होतं. मंजुळा धाकट्या भावाला पहिलीत बसवायला घेऊन आली. पोराला आत सोडलं आणि माझ्यापाशी थांबली. मान खाली. रडत नव्हती.

“आमनी गल्लीमा ढोल का बरं नही उना?”

मी म्हटलं, “सुतक व्हतं ना.”

मग स्वतःशीच म्हणाली, “हा... आबा गया ना.” आणि गेली.

मला तेव्हा तिला हाक मारता आली असती. एक वर्ष वाया गेलं असतं, बस. पण आबा नव्हते, बाप थकलेला, आणि शिपायानं स्वतःहून तोंड उघडायचं ठरवलेलं नव्हतं. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. ढोल माझाच होता, वाजवला दुसऱ्यानं.

आणि आता जे लिहितो ते ढोल न नेण्यापेक्षा वाईट आहे.

मंजुळानं दोष आबांना दिला. जन्मभर. चांगल्या मनानं दिला असता तरी मला सोसलं असतं, पण तिनं आबांशी अबोला धरला — मेलेल्या माणसाशी. आमच्याकडं अखाजीला पितरांच्या नावानं घागर भरतात. वर सांजोरी ठेवतात, आंबा ठेवतात. ती दर अखाजीला माहेरी जायची. तिचे भाऊ आबांची घागर भरायचे, सगळं घर हात जोडायचं, आणि ही उठून झोक्यावर जाऊन बसायची. भावजया हसायच्या, अजून रुसली म्हणून. ती म्हणायची, “आबा मन्हं पुस्तक संगे लई गया. आठ दिस थांबता येत नव्हतं का म्हाताऱ्याले?” हसत म्हणायची. पण हात जोडायची नाही. ज्या म्हाताऱ्यानं काठी टेकत तिला शाळेत आणलं, त्याच्या घागरीला तिनं कधी हात जोडले नाहीत. मी तिथंच जावई म्हणून पाटावर बसलेला असायचो. सांजोरी खात.

दर वर्षी वाटायचं, आज सांगू. दर वर्षी सांजोरी गिळली.

बाकी संसार चांगला झाला. हे पण खरं आहे, काय करू? तिनं गल्लीतल्या पोरांना ओट्यावर बसवून पाढे शिकवले. मी दवंडी देऊन आलो की मला दारातच अडवायची — आधी मला सांगा, कोण पास झालं, कोणाला स्कॉलरशिप! तिला मी शाळेची प्रत्येक बातमी सांगितली. गावाआधी तिला. एक सोडून.

गेल्या दिवाळीनंतर ती अंथरुणाला खिळली. त्यातच खबर आली. आमच्या प्रकाशची मुलगी — प्रकाश चाळीसगावला असतो — तिची शिक्षिका म्हणून नेमणूक झाली, एरंडोल तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. पोरगी नाचत घरात आली. मंजुळा अंथरुणावर उठून बसली! महिन्याभरात बसली नव्हती ती. मला म्हणते, “बघता काय? ढोल काढा!” शाळेनं टाकून दिलेला तो ढोल माझ्या माळ्यावर होता. कातडं सैल, आवाज भसाडा. तरी मी तिच्या खाटेभोवती फिरून वाजवला. “आयका हो आयका! मंजुळाबाईंची नात मास्तरीण व्हयनी!” प्रकाश हसतोय, सून हसतेय, शेजारची पोरं दारात. घरात एवढा आनंद मी किती वर्षांनी बघितला. मंजुळानं कानाला हात लावला, अगदी आबांसारखा, आणि म्हणाली, “परत सांगा.”

परत सांगितलं.

मग सगळे पेढे आणायला बाहेर गेले. ती आडवी झाली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “आबाले मी आते माफ करं.”

आम्ही दोघंच होतो. दार लोटलेलं. ढोल माझ्या गळ्यात. सांगायला याच्यापेक्षा बरी वेळ कोणाला मिळते? मी म्हटलं, “बरं केलंस.”

बरं केलंस, म्हटलं मी.

पौषात ती गेली. ज्यानं काही केलं नव्हतं त्याला माफ करून गेली.

परवा अखाजी झाली. तिची पहिली घागर. नात सुट्टीवर आली होती, तिनं सगळं मांडलं — पाट, घागर, सांजोरी. मी तिला म्हटलं, आणखी एक घागर भर. कोणाची, म्हणाली. म्हटलं, आजीच्या आबांची. प्रकाश म्हणाला, “नाना, त्यांची घागर मामांकडं भरतात ना? आपल्याकडं कशी?” मी म्हटलं, भर.

सगळे जेवायला बसले तेव्हा मी त्या दोन घागरींपाशी गेलो. चपला काढल्या. ढोल घेतला नव्हता. आणि मास्तरांनी शिकवलं होतं तसं, हळू आवाजात सांगितलं — सातवी पास मुलींसाठी धुळ्याला, देवपुरात, वसतिगृह निघालं आहे. राहणं फुकट, जेवण फुकट, पुस्तकं फुकट. मंजुळाचं नाव सोमवारच्या आत शाळेत द्यावं.

एक शब्द विसरलो नव्हतो.

आतून पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता. घागरींपाशी मी थोडा वेळ थांबलो. परत सांग, असं कोणी म्हणालं नाही.